सात वर्षांच्या मुलाला घेऊन आयर्लंडमध्ये हार्प वाजवत फिरणं बरोबर आहे का? कुठे कुठे जावं?

तुम्ही लिहिलंय की तुम्ही लिव्हर हार्प (तारेचा सूर अर्ध्या स्वराने चढवणारे खटके, म्हणजे लिव्हर, असलेली हार्प) शिकताय, येत्या उन्हाळ्यात मुलाला घेऊन आयर्लंडला यायचा विचार आहे आणि घरचे म्हणताहेत, "पोराला पबमध्ये नेऊन काय शिकवणार आहेस?" उत्तर एका ओळीचं आहे. बरोबर आहे, जरूर या, आणि संध्याकाळी मुलाला हॉटेलात कुणाच्या भरवशावर सोडून एकट्या बाहेर पडू नका. पुढचं सगळं लिहितेय ते तुमच्या घरच्यांच्या त्या वाक्यामुळे. हेच वाक्य मला माझ्या आत्याने ऐकवलं होतं आणि ते अजून माझ्या मनातून गेलेलं नाही.

मी मूळची मिरजेची, आता डब्लिनजवळ राहते. हार्प इथे आल्यावरच शिकले, कोल्तसच्या स्थानिक शाखेत. (१९५१ पासून पारंपरिक संगीताचं काम करणारी ही संस्था तुम्हाला ठाऊक असेलच.) लेक सात वर्षांची असताना जुलैत तिला घेऊन क्लेअर काउंटीतल्या मिलटाऊन मॅल्बेला गेले. विली क्लॅन्सी हा तिथला आयरिश बॅगपाइपचा वादक. तो १९७३ साली गेला आणि त्याच वर्षापासून त्याच्या नावाने तिथे उन्हाळी शाळा भरते. एरवी एक मुख्य रस्ता आणि दोन्ही बाजूंना दुकानं-पब एवढंच ते गाव. त्या आठवड्यात मात्र फिडल, फ्लूट, कॉन्सर्टिना घेऊन माणसं दारादारांत बसलेली असतात आणि पोरंटोरं टिन व्हिसल खिशात घालून हिंडत असतात. सकाळी वर्ग. दुपारी आम्ही जवळच्या स्पॅनिश पॉइंटच्या किनाऱ्यावर जायचो, कारण सात वर्षांच्या मुलीला वाळू लागतेच. तिथून आलं की सेशन, म्हणजे पबमध्ये एकत्र बसून सगळ्यांनी मिळून वाजवणं.

हार्प घेऊन पबमध्ये शिरणं सोपं नसतं. जागा अडते, आवाज नाजूक असतो, चार फिडल आणि एक अकॉर्डियन सुरू झालं की स्वतःचं स्वतःला ऐकू येत नाही. पण खरी अडचण लिव्हरची. बहुतेक रील आणि जिग, म्हणजे इथल्या नाचाच्या चाली, डी किंवा जी या पट्टीत असतात आणि एका चालीतून दुसरीत जाताना कुणी थांबत नाही, पट्टी सांगत नाही. फिडलवाला नुसती मान हलवतो आणि पुढची चाल सुरू होते. जी मधून डी मध्ये जायचं तर सी च्या तारांच्या लिव्हर वर करायच्या, म्हणजे सी चा सी शार्प होतो. माझ्या ३४ तारांच्या हार्पवर सी च्या पाच तारा आहेत, सगळ्या लाल. डावा हात तेवढ्यात वर न्यायचा म्हणजे साथ तुटते.

लेक माझ्या डाव्या बाजूला उभी राहायची, कारण लिव्हर त्याच बाजूला असतात. पहिल्या संध्याकाळी ती कंटाळली आणि खेळ म्हणून मी तिला म्हटलं, "मी 'लाल' म्हटलं की लाल तारांचे खटके वर करायचे." तिला फार आवडलं. मी पुटपुटायची "लाल", आणि तिची बोटं टप टप टप वर जायची. खालच्या सप्तकातल्या जाड तारेचा खटका जरा घट्ट होता, त्याला ती दोन्ही हात लावायची. समोरचा कॉन्सर्टिनावाला म्हातारा हे बघत होता. दुसऱ्या दिवसापासून आमच्यासाठी भिंतीकडची दोन स्टुलं तो अडवून ठेवू लागला.

आठवडा संपत आला तसं माझ्या लक्षात आलं की मी "लाल" म्हणायच्या आधीच तिचा हात वर असतो. इथे चाल साधारण तीनदा वाजवतात आणि मग दुसरीला जोडतात. तिसरी फेरी संपायला आली की ती सावध व्हायची. मी विचारलं, "तुला कसं कळतं गं?" ती म्हणाली, "ही झाली की हे लोक नेहमी तीच वाजवतात." कुठल्या चालीला कुठली चाल जोडतात हे तिने नुसतं उभं राहून, ऐकून गोळा केलं होतं. मला तेच कळायला वर्गात बसून बराच काळ गेला होता. आणि एकदा अनोळखी चाल आली तेव्हा तिने दोन-तीन स्वर ऐकले आणि मगच हात वर नेला. तिला सी शार्प म्हणजे काय, हे कुणीही सांगितलेलं नव्हतं.

त्या संध्याकाळी मी फोटो काढून घरच्या ग्रुपवर टाकला. लेक हार्पला टेकून उभी, हात लिव्हरवर, मागे टेबल आणि टेबलावर काळ्या बिअरचे ग्लास. आत्याचा लगेच फोन आला.

"अगं, पोरीला गुत्त्यात नेलीस?"

"आत्या, संध्याकाळचे सहा वाजलेत, अजून लख्ख ऊन आहे. ती सूप-पाव खातेय."

"ते राहू दे. गाणं बैठकीनं येतं, असं उनाडून येत नाही."

आत्याने मिरजेत कितीतरी वर्षं गाणं शिकवलं. माझ्या कानाला जे काही वळण आहे ते तिचंच, म्हणून तिचं बोलणं जास्त लागलं. तेव्हा बोलले नाही ते इथे लिहिते. आत्या, मीरासाहेबांच्या दर्ग्यात उरुसाच्या रात्री, अब्दुल करीम खाँसाहेबांच्या स्मरणार्थ होणाऱ्या गाण्याला मला कोण घेऊन गेलं होतं? तूच. चिंचेच्या झाडाखाली गर्दीत बसून, तुझ्या मांडीवर अर्धी झोपेत मी गाणं ऐकलं. तिथे कुणी मला आरोह-अवरोह घोटून घ्यायला लावले नाहीत. माणसं येत होती, हजेरी लावून जात होती, आणि मूल म्हणून माझं काम एवढंच होतं की तिथे असायचं. खाँसाहेब मिरजेत स्थिरावले हे खरं, पण १९३७ साली ते गेले ते पाँडिचेरीच्या वाटेवर, रेल्वेच्या फलाटावर. सगळा जन्म फिरतीवर काढलेल्या माणसाच्या नावाने तू मला बैठकीचे धडे देतेस, हे मला पटत नाही.

ती म्हणेल, दर्ग्यात कुणी पीत नव्हतं. हे मात्र मी मान्य करते. म्हणूनच कायदा माहीत असू द्या. पंधरा वर्षांखालच्या मुलाला पबमध्ये आई-वडील किंवा पालकासोबतच जाता येतं, आणि रात्री नऊनंतर बारमध्ये थांबता येत नाही. मे ते सप्टेंबर ही मुदत दहापर्यंत असते. पबवाले हे काटेकोर पाळतात, हुज्जत घालू नका. एरवी गावोगावची बरीच सेशन साडेनऊला सुरू होतात, म्हणजे मुलासह तुम्हाला ती मिळणारच नाहीत. म्हणून महोत्सवाच्या दिवसांतच या, तेव्हा दुपारपासून वाजत असतं.

हार्पवाल्यासोबत मूल शोभत नाही म्हणणाऱ्यांना इथला इतिहास ठाऊक नसतो. जुने हार्पवाले पुष्कळदा आंधळे असत. घोडा, हार्प आणि वाटाड्या घेऊन या जहागीरदाराकडून त्या जहागीरदाराकडे जायचे. टर्लो ओ'कॅरोलन (१६७०–१७३८) हा त्यांतला सर्वांत नावाजलेला. मीथ काउंटीत जन्मला, अठराव्या वर्षी देवीच्या साथीत त्याचे डोळे गेले. मॅकडरमॉट रो कुटुंबातल्या बाईंनी त्याला हार्प शिकवायची व्यवस्था केली, आणि एकविसाव्या वर्षी घोडा आणि वाटाड्या देऊन वाटेला लावलं. पुढे सुमारे ४५ वर्षं तो फिरला, यजमानांच्या नावाने चाली रचत गेला. आज दोनशेहून जास्त चाली त्याच्या नावावर आहेत. शेवटी आजारी होऊन परतला तोही त्याच बाईंच्या दारी, रॉसकॉमनमधल्या ऑल्डरफर्डला. माझ्या आत्याच्या हिशेबाने अठरा म्हणजे फार उशीर. त्या काळच्या वादकांचंही तेच मत होतं, ते त्याला थोर वादक मानत नसत. चाली मात्र त्याच्याच उरल्या.

त्याची कबर किल्रोनानला आहे, कीडू गावाजवळ. तिथे त्याच्या नावाने हार्प महोत्सव भरतो, साधारण ऑगस्टच्या सुरुवातीला. आम्ही गेलो तेव्हा लेकीला कॅरोलनपेक्षा त्याच्या वाटाड्यात जास्त रस होता: घोडा कोण हाकायचं, पावसात हार्प कशात गुंडाळायचे, त्यालाही वाजवता यायचं का? मला माहीत होतं तेवढं सांगितलं. कीडूच्या वाटेवर तिला कॅरोलनच्या पहिल्या चालीची गोष्टही सांगितली, लाइट्रिममधल्या पऱ्यांच्या दोन टेकड्यांच्या भांडणाची. तुमच्याही मुलाला आधी गोष्ट सांगा, मग चाल वाजवा.

आता राहिलेल्या जागा. डब्लिनमध्ये ट्रिनिटी कॉलेजातली, आयर्लंडचा जुना राजा ब्रायन बोरू याच्या नावाची हार्प दाखवा. ब्रायन बोरू १०१४ साली मेला आणि ही हार्प त्याच्या कितीतरी नंतरची, पण आयर्लंडच्या नाण्यावर आहे ती हीच. मुलाच्या हातात इथलं एक युरोचं नाणं द्या आणि ताडून बघायला सांगा. त्या इमारतीत दुरुस्तीचं मोठं काम चालू आहे, जाण्याआधी चौकशी करा. किलकेनीला ऑगस्टमध्ये जुन्या पद्धतीच्या, पितळी तारांच्या हार्पची शाळा भरते. १७९२ च्या बेलफास्टच्या मेळाव्यात ९७ वर्षांचा डेनिस हेम्पसन नखांनी वाजवायचा तो हाच प्रकार. तारा इतक्या वेळ गुंजत राहतात की मुलं आपोआप गप्प होतात. लाउथमधल्या टर्मनफेकिनला जूनअखेर 'कार्दे ना क्रुते' या हार्पच्या संस्थेचं शिबिर असतं, हार्प शिकणाऱ्यासाठी सगळ्यांत नेमकी जागा तीच. अकिल बेटावर ऑक्टोबरमध्ये हार्प महोत्सव असतो, पण तो वारा लहान मुलाला सोसेल का ते बघा. डब्लिनच्या टेंपल बार या भागातल्या पबमध्ये मुलाला नेऊ नका. तिथलं वाजवणं पर्यटकांसाठी असतं आणि मुलाला तेवढंच आयर्लंड वाटेल. किल्ल्यांतल्या जेवणावळींत मखमली झगा घालून वाजवतात, तेही टाळा. पैसे जातात आणि मुलाला कुणी जवळही येऊ देत नाही.

काही गोष्टी आधीच सांगायला हव्या होत्या. स्वतःची मोठी हार्प विमानातून आणायच्या फंदात पडू नका. इथे भाड्याने मिळते, शिबिरांच्या आयोजकांना आधी पत्र लिहा. कार घ्याच, मिलटाऊन किंवा कीडूला हार्प आणि मूल घेऊन बसने जाणं म्हणजे हाल. गाडीतलं हीटर आणि बाहेरची ओल यांमुळे सूर दर थांब्याला उतरतो. सूर लावायची किल्ली आणि जादा तारा हाताशी ठेवा. मिलटाऊनला जुलैत राहायची जागा ऐन वेळी मिळत नाही, कित्येक महिने आधी बघा. सेशनमध्ये बसण्याआधी विचारा, आणि चाल येत नसेल तर हात तारांवर सपाट ठेवून ऐका. पहिल्या दिवशी मी तेच करत होते. आणि मुलाला गर्दीचा, आवाजाचा त्रास होत असेल तर हट्ट धरू नका, दुपारचं एक सेशन करून किनाऱ्यावर जा. माझी लेक रमली म्हणून तुमचा मुलगा रमेलच असं नाही.

रमला तर मात्र त्याला काहीतरी काम द्या. लिव्हर, किल्ली, तारांचं पाकीट, काहीही. नुसतं "गप्प बस, ऐक" म्हटलेलं मूल पंधरा मिनिटांत फोन मागतं.

आत्याचं म्हणाल तर तिचं मत बदललेलं नाही. गेल्या सुट्टीत मिरजेला गेलो होतो. लेकीने फोनवर जिग लावली आणि मांडीवर ठेका धरला, तीन-तीन मात्रांचा, दादरा धरावा तसा. आत्या म्हणाली, "हा मी शिकवलाय तिला." शिकवला आहेच, व्हिडिओ कॉलवर. मी फक्त एवढं म्हटलं की तो जिगवर बसतो हे तिला मिलटाऊनच्या पबमध्ये कळलं. त्यावर आमचं पुन्हा वाजलं.