विकसनशील देशांतल्या कंटेनर बंदरांपुढं अडचणी कोणत्या, संधी कुठं?

तुमचा प्रश्न बंदरांबद्दल आहे आणि मी राहतो समुद्रापासून लांब, कोल्हापुरात. शिरोली एमआयडीसीतल्या एका फौंड्रीत, म्हणजे लोखंड ओतून सुटे भाग (कास्टिंग) बनवणाऱ्या कारखान्यात, निर्यातीचं काम बघतो. पण माझ्या मते उत्तराचा मोठा भाग इथंच सापडतो. आपल्यासारख्या देशांत बंदराची खरी परीक्षा धक्क्यावर कमी आणि मागच्या मुलखात, म्हणजे जिथून माल बंदराला येतो-जातो तिथं, जास्त होते.

आमचं कास्टिंग मुंबईजवळच्या न्हावा शेवा बंदराला जातं. अंतर चारशे किलोमीटरच्या आसपास. वाटेत खंबाटकी, बोरघाट आणि सातारा-कागल महामार्गाचं वर्षानुवर्षं रेंगाळलेलं सहापदरीकरण. बंदरात गेट-इनची कट-ऑफ, म्हणजे कंटेनर फाटकातून आत न्यायची शेवटची वेळ असते. ती चुकली की कंटेनर पुढच्या जहाजावर, म्हणजे बहुतेक वेळा आठवडाभर मागं. तिकडं परदेशी ग्राहकाच्या कारखान्यातलं उत्पादन थांबायची वेळ आली तर लोखंडाचं कास्टिंग विमानानं पाठवावं लागतं आणि तो खर्च कारखान्याच्या अंगावर येतो. अशा वेळी धक्क्यावरची क्रेन कितीही चपळ असली तरी काय उपयोग?

त्याहून अवघड आहे रिकाम्या कंटेनरचं गणित. कोल्हापूर माल पाठवतं, पण कंटेनर भरून इकडं फारसं काही येत नाही. म्हणून रिकामा कंटेनर न्हावा शेवाहून आणायचा, भरून परत न्यायचा आणि भाडं दोन्ही बाजूंचं सोसायचं. त्यात कास्टिंग जड. वीस फुटी कंटेनर डोळ्यांना निम्मा रिकामा दिसतो, तरी वजनाची मर्यादा संपलेली असते. चाळीस फुटीत आम्हाला परवडत नाही. आयात मात्र बरीचशी चाळीस फुटीतूनच येते. मग वीस फुटींची टंचाई. आफ्रिकेतल्या अनेक बंदरांत हेच उलट्या बाजूनं घडतं: भरून आलेले कंटेनर रिकामे परत जातात. कुठल्याही बाजूनं रिकामा डबा फिरला की त्याचे पैसे मालावरच चढतात.

आता जहाजांचं. 1956 मध्ये 'आयडियल एक्स' या जहाजानं 58 कंटेनर नेले आणि हा सगळा प्रकार सुरू झाला. आज सर्वांत मोठी जहाजं 24,000 च्या वर वीस फुटी कंटेनर घेतात. ती मोजक्या खोल बंदरांतच लागतात, बाकीच्यांनी तिथपर्यंत छोट्या, म्हणजे फीडर जहाजानं माल पोचवायचा. भारताचा असा बराच माल वर्षानुवर्षं कोलंबो, सिंगापूर, मलेशियातल्या क्लांगला उतरून दुसऱ्या जहाजानं पुढं गेला. 2 मे 2025 ला केरळमधल्या विळिंजम बंदराचं लोकार्पण झालं, तिथं नैसर्गिक खोली आहे, ही मोठीच संधी. फक्त एक लक्षात ठेवा: असा जहाज बदलणारा माल बंदराशी बांधलेला नसतो, शिपिंग लाइननं (जहाज कंपनीनं) ठरवलं की तो दुसरीकडं जातो. मागच्या मुलखातला माल तसा सहज हलत नाही.

बंदर चालवायला देण्याचा करार हा आणखी एक धोका. श्रीलंकेनं 2017 मध्ये हंबनटोटा बंदर चिनी कंपनीला 99 वर्षांच्या भाडेपट्ट्यानं दिलं. आफ्रिकेतल्या जिबूतीत 2018 मध्ये सरकारनं परदेशी कंपनी चालवत असलेलं डोराले कंटेनर टर्मिनल ताब्यात घेतलं आणि वाद लवादापर्यंत गेला. त्या मानानं न्हावा शेवाची वाट मला शहाणपणाची वाटते. 1989 मध्ये सुरू झालेलं सरकारी बंदर, 1997 मध्ये पहिल्या खासगी टर्मिनलचा करार, आणि पुढं एकाच बंदरात वेगवेगळे चालक. एकाच्या हातात सगळ्या किल्ल्या गेल्या नाहीत.

सगळ्यात स्वस्त संधी कागदपत्रांत आहे. पूर्वी कारखान्यात कंटेनरला सील लावायला अधिकाऱ्याची वाट बघावी लागायची. 2017 पासून निर्यातदार स्वतः ई-सील (इलेक्ट्रॉनिक सील) लावतो. एकही नवी क्रेन न आणता वेळ वाचला. बंदर सुधारायचं म्हणजे आधी काँक्रीट, हा समज म्हणूनच मला पटत नाही.

पालघर जिल्ह्यातल्या वाढवण बंदराला 2024 मध्ये मंजुरी मिळाली, खर्च 76,220 कोटी. देशाला खोल पाणी हवंच आहे. पण तिथल्या मच्छीमारांचा विरोध मोठा आहे, आणि त्यांच्या पोटाचा प्रश्न त्या खर्चात धरल्याशिवाय हिशेब पुरा होत नाही. आमच्यासाठी तर ते न्हावा शेवाहूनही लांब.

खरं तर कोकण किनारा आमच्या अगदी शेजारी, घाट उतरला की आलाच. रत्नागिरी जिल्ह्यात जयगडला खोल पाण्याचं बंदर आहे. पण पुरेसा माल नाही म्हणून कंटेनर लाइन येत नाही, आणि लाइन नाही म्हणून माल तिकडं वळत नाही. कोल्हापूर-वैभववाडी रेल्वेची घोषणा होऊन वर्षं लोटली. ती होईपर्यंत तरी कोल्हापूर, सांगली, इचलकरंजीचा माल एकत्र करून मिरजेहून न्हावा शेवाला ठरलेल्या वारी कंटेनर गाडी सुटायला हवी. तिचा पहिला फायदा छोट्या फौंड्रीला होईल. अशा फौंड्रीचा महिन्याला एखादाच कंटेनर असतो, आणि भाड्याबद्दल तिच्याशी बोलायला आज कुठलीच शिपिंग लाइन बसत नाही.