पहिल्यांदा गलबतच कर

लाकडी जहाजाचं मॉडेल करायला घेताना थेट गुराब, म्हणजे मोठं लढाऊ जहाज, करायची तुझी हौस कळते, पण पहिलं मॉडेल त्याहून लहान अशा गलबताचंच घे. तीन डोलकाठ्यांची गुराब म्हणजे सुमारे ३०० टनांचं जहाज, दोरखंडांतच नवा माणूस हरवतो. आंग्र्यांच्या आरमारातलं गलबत फार तर ७० टनांचं. दोन डोलकाठ्या, त्रिकोणी मोठं शीड आणि ४०-५० वल्ही. हात बसायला तेवढं पुष्कळ आहे.

१:५० प्रमाणात साडेपाच फुटी खलाशी सुमारे ३३ मिलिमीटरचा होतो. पुठ्ठ्याचा एक खलाशी कापून ठेव आणि कठडा, तोफ, वल्हं, सगळं त्याच्याशेजारी धरून बघ. मापातली चूक लगेच दिसते.

लाकूड शिवणीचं घे. सागाच्या ठळक रेषा एवढ्या लहान कामात खुपतात.

खरी कसोटी सांगाड्यावर फळ्या बसवण्याची. एक डावीकडे लावलीस की तिची जोडीदार लगेच उजवीकडे लाव. एकच बाजू भरत गेलास तर जहाजाचा तळाचा कणा पिळवटतो, मग काही केल्या सरळ होत नाही. नाळेकडे, म्हणजे पुढच्या टोकाकडे, जागा अरुंद होते, तिथे फळी तासून निमुळती कर. गरम पाण्यात भिजवून साच्यावर चिमट्यांनी बांध, पूर्ण वाळू दे, मगच चिकटव. आणि आपल्या कोकणात हे काम पावसाळ्यात काढूच नकोस. ओलीने फुगलेली पट्टी दिवाळीनंतर आकसते, सांधे उघडे पडतात. ते चार महिने तोफा नि कप्प्या करत बस.

दोरखंडांसाठीचा सुती दोरा आधी मेणावरून ओढ, तंतू बसतात. जमलं तर विजयदुर्गाजवळची खडकात खोदलेली जुनी गोदीही पाहून ये.