वाचकांचे प्रश्न : अणुवीज केंद्रातील आभासी तालीम

प्रश्न : माझा मुलगा एका अणुवीज केंद्रात देखभाल विभागात तंत्रज्ञ आहे. पुढच्या शटडाउनमधील (देखभालीसाठी भट्टी बंद ठेवतात त्या काळातील) काही कामांची तयारी या वेळी डोळ्यांवर हेडसेट लावून करून घेणार आहेत, असे तो सांगतो. मी आयुष्यभर फिटर म्हणून नोकरी केली आणि हात काळे केल्याशिवाय काम येत नाही, असेच मानत आलो. या आभासी तालमीमुळे विकिरणाचा धोका खरोखर कमी होतो का, की हा केवळ देखावा आहे?
— एक वाचक, बोईसर

उत्तर : धोका कमी होऊ शकतो, आणि त्यामागचे कारण साधे आहे. विकिरण असलेल्या जागी माणसाला मिळणारी मात्रा तीन गोष्टींवर ठरते : तो तिथे किती वेळ थांबला, उगमापासून किती अंतरावर होता आणि मध्ये कोणते आवरण होते. पाइप आणि व्हॉल्व्ह जिथे आहेत तिथेच राहतात, शिशाचे पडदे लावायलाही जागा लागते आणि ते लावणाऱ्यालाही मात्रा मिळतेच. त्यामुळे अनेक कामांत सर्वाधिक हाताशी असलेली गोष्ट वेळ हीच उरते. समजा, एका व्हॉल्व्हचे ग्लँड पॅकिंग (गळती रोखणारे सील) बदलायचे आहे आणि तिथे विकिरणाची तीव्रता तासाला 2 मिलिसीव्हर्ट (विकिरणाची मात्रा मोजण्याचे एकक) आहे. काम अर्ध्या तासात उरकले, तर 1 मिलिसीव्हर्ट मात्रा मिळेल आणि पाऊण तास लागला, तर दीड. भारतात अणुऊर्जा नियामक मंडळाने अशा कामगारांसाठी 5 वर्षांच्या सरासरीने वर्षाला 20 मिलिसीव्हर्ट आणि कोणत्याही एका वर्षात 30 मिलिसीव्हर्ट ही मर्यादा घातलेली आहे. त्या हिशेबात एका कामावरचा अर्धा मिलिसीव्हर्ट मुळीच किरकोळ नाही, कारण शटडाउनमध्ये अशी कामे एकामागून एक येत असतात.

आता त्या पाऊण तासात पाना प्रत्यक्ष नटावर किती वेळ फिरतो, हे आपण फिटर असल्यामुळे माझ्यापेक्षा चांगले जाणता. शिडी कुठून चढवायची ते ठरवण्यात काही मिनिटे जातात. आडव्या पाइपच्या सावलीमुळे दिवा हलवावा लागतो. सपोर्ट मध्ये येत असल्याने पाना पूर्ण वळत नाही आणि दुसरा आणायला परत जावे लागते. आभासी तालमीत वाचवायची आहेत ती हीच मिनिटे. कोणत्या बाजूने शिरायचे, आपली पाळी येईपर्यंत कमी विकिरणाच्या कोणत्या कोपऱ्यात उभे राहायचे आणि कोणता पाना बरोबर न्यायचा, हे सारे विकिरण नसलेल्या खोलीत बसून ठरवता येते.

ही कल्पना नवी नाही. नॉर्वेतील हाल्डेन येथे आंतरराष्ट्रीय सहकार्याने चालणारा संशोधन प्रकल्प 1958 पासून सुरू होता आणि तेथील संशोधकांनी 1990 च्या दशकातच अणुउद्योगासाठी आभासी वास्तवाचे काम हाती घेतले. जपानमधील फुगेन ही अणुभट्टी 2003 मध्ये कायमची बंद झाली. ती मोडण्याच्या नियोजनासाठी हाल्डेनच्या संशोधकांनी जपानी संस्थेबरोबर जी प्रणाली विकसित केली, तिच्यात संगणकावरील माणसांच्या आकृत्या भट्टीच्या त्रिमितीय प्रतिकृतीत ठरलेल्या क्रमाने काम करतात आणि प्रत्येकाची साचत जाणारी मात्रा पडद्यावर दिसते. दोन पर्यायी क्रम शेजारी ठेवून कोणता कमी मात्रेत होतो, हे पाहता येते. फुकुशिमा दाइची केंद्रात 2011 मध्ये अपघात झाल्यानंतर त्याच्या दक्षिणेस नाराहा येथे उभारलेल्या जपानी अणुऊर्जा संस्थेच्या केंद्रातही भट्टीच्या इमारतींच्या अंतर्भागाचे आभासी दर्शन घडवणारी यंत्रणा आहे. ज्या जागी माणसाला अगदी थोडा वेळच जाता येते, किंवा जाताच येत नाही, तिथे या साधनाचे मोल सर्वांत जास्त, असे माझे मत आहे.

मात्र या सगळ्याचा पाया एकच आहे : प्रतिकृती आणि प्रत्यक्ष जागा यांत फरक असता कामा नये. तारापूरच्या पहिल्या दोन भट्ट्या 1969 मध्ये सुरू झाल्या. त्या काळातील केंद्रांचे आराखडे कागदावर काढलेले असत आणि पुढच्या दशकांत कुठे सपोर्ट वाढवला जातो, कुठे केबलचा मार्ग बदलतो, कुठे एखादी जाळीची पायवाट टाकली जाते. म्हणून जुन्या आराखड्यांवरून केलेल्या प्रतिकृतीवर विसंबणे धोक्याचे असते. शटडाउनच्या काळात लेझर स्कॅनरने जागा मोजून घेतली, तर काही मिलिमीटरपर्यंत अचूक चित्र मिळते. पण त्यानंतर झालेला प्रत्येक बदल त्या चित्रात नोंदवण्याची जबाबदारी कुणावर तरी नावानिशी टाकावी लागते. चुकीच्या प्रतिकृतीवर केलेली तालीम ही तालीम न करण्यापेक्षा वाईट, कारण माणूस आत्मविश्वासाने चुकीच्या बाजूने शिरतो आणि गोंधळून तिथेच थांबतो. विकिरणाच्या नोंदींनाही हेच लागू आहे. पाइपमध्ये किरणोत्सारी गाळ साठला की तीव्रता बदलते, म्हणून मागच्या शटडाउनची मोजणी या वेळी चालत नाही.

आपले मतही मला पूर्णपणे मान्य आहे. हेडसेटमधल्या पान्याला वजन नसते. दोन जोड हातमोजे, पूर्ण चेहऱ्याचा मास्क आणि प्लॅस्टिकचा सूट घालून घामाने भिजलेल्या अवस्थेत नट कसा लागतो, ते आभासी खोलीत कळत नाही. कॅनडातील डार्लिंग्टन केंद्राच्या नूतनीकरणात प्रत्येक भट्टीतील 480 इंधन नळ्या बदलायच्या होत्या. त्यासाठी भट्टीच्या दर्शनी भागाची पूर्ण आकाराची प्रतिकृती उभारून तिच्यावर कामगारांकडून सराव करून घेतला गेला. मला योग्य वाटतो तो क्रम असा : आधी हेडसेटमध्ये जागेची ओळख आणि कामाचा क्रम, मग खऱ्या अवजारांनी आणि खऱ्या पोशाखात मॉक-अपवर, म्हणजे अशा पूर्ण आकाराच्या प्रतिकृतीवर, सराव, आणि मगच प्रत्यक्ष काम. यातील दुसरी पायरी खर्च वाचवण्यासाठी गाळली जात असेल, तर आपल्या मुलाने पर्यवेक्षकाकडे तसे स्पष्ट बोलावे. हेडसेटमधल्या प्रतिकृतीसाठी जागा केव्हा मोजली आणि तिच्यात विकिरणाची कोणत्या तारखेची मोजणी घातली आहे, हेही त्याने विचारावे. कामगार या नात्याने तो त्याचा हक्क आहे.

प्रश्न : नियंत्रण कक्षातील ऑपरेटरांसाठी सिम्युलेटर आधीपासूनच असतात. त्यांची जागा आता हेडसेट घेतील का?
— एक वाचक, रत्नागिरी

उत्तर : नाही. अमेरिकेतील थ्री माइल आयलंड येथे मार्च 1979 मध्ये अपघात झाल्यानंतर नियंत्रण कक्षाच्या हुबेहूब सिम्युलेटरवरील प्रशिक्षणाला जे महत्त्व आले, ते आजही अबाधित आहे. तिथे प्रत्येक बटण हाताला लागते आणि संपूर्ण पाळी एकमेकांशी बोलत काम करते. हेडसेटचा उपयोग त्याच प्रसंगात बाहेर असलेल्या माणसाला होतो : नियंत्रण कक्षातून सांगितलेला व्हॉल्व्ह शोधून तो हाताने फिरवणाऱ्या फील्ड ऑपरेटरला सिम्युलेटरच्या सरावात आजवर फारशी जागा नव्हती, ती आता देता येईल.

प्रश्न : मी अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाला आहे. चष्म्यातून पाहताच पंपावर त्याचे तापमान, दाब आणि देखभालीच्या पायऱ्या दिसतील, असा प्रकल्प मी करत आहे. अणुवीज केंद्रांत असे चष्मे सर्रास का दिसत नाहीत?
— एक विद्यार्थिनी, पुणे

उत्तर : अडचणी अनेक आहेत, पण पहिली सुरक्षेची. असा चष्मा म्हणजे सतत चालू असलेले अनेक कॅमेरे आणि मायक्रोफोन; ज्या आवारात साधा मोबाइल नेता येत नाही, तिथे तो सहजासहजी कसा चालेल? तो सभोवतालचा नकाशा स्वतः तयार करतो आणि हा नकाशा बाहेरच्या सर्व्हरवर जाणे कोणत्याही केंद्राला परवडणारे नाही. कुडनकुलम केंद्राच्या प्रशासकीय नेटवर्कमधील एका संगणकात घातक सॉफ्टवेअर आढळल्याचे 2019 मध्ये ते केंद्र चालवणाऱ्या अणुऊर्जा महामंडळाने (एनपीसीआयएल) मान्य केले होते. भट्टीची नियंत्रण यंत्रणा त्या नेटवर्कपासून वेगळी असल्याने तिला धक्का लागला नाही. तेच वेगळेपण तुमच्या चष्म्याने मोडता कामा नये. शिवाय संवेदनशील रिले पॅनेलजवळ (विद्युत संरक्षणाच्या स्वयंचलित स्विचांच्या फलकाजवळ) रेडिओ लहरींवर निर्बंध असतात, पूर्ण चेहऱ्याच्या मास्कवर चष्मा बसत नाही आणि कपाळाला टेकणाऱ्या फोमला किरणोत्सारी धूळ लागली, तर तो धुऊन वापरता येत नाही.

उपकरणाच्या आयुष्याचाही विचार करा. अणुवीज केंद्र 40 ते 60 वर्षे चालवायचे असते. मायक्रोसॉफ्टने होलोलेन्स 2 या चष्म्याचे उत्पादन 2024 मध्ये थांबवले आणि त्याच्या सुरक्षा सुधारणा 2027 अखेरपर्यंतच मिळणार आहेत. म्हणून प्रकल्प करताना माहिती आणि त्रिमितीय प्रतिकृती कोणत्याही उपकरणावर चालेल अशा खुल्या फाइल-स्वरूपात, चष्म्यापासून वेगळी ठेवा, म्हणजे उद्या दुसरे उपकरण आले तरी केलेले काम वाया जाणार नाही. सुरुवात विकिरण नसलेल्या भागातील पंपापासून करा, सर्व्हर स्थानिक ठेवा, आणि दाखवलेल्या प्रत्येक आकड्याशेजारी तो केव्हा वाचला गेला ती वेळ दाखवा. दहा मिनिटांपूर्वीचा दाब आताचा समजून कुणी व्हॉल्व्ह उघडला, तर काय होईल, याचे उत्तर तुमच्या अहवालात असायला हवे.