कोलॅजेनचे हायड्रोजेल फार मऊ होत असेल तर ग्लुटाराल्डिहाइड वाढवावे का?

नांदेडहून तुम्ही विचारले आहे की, मधुमेही रुग्णांच्या पायावरील जखमांसाठी रोहू माशाच्या खवल्यांतून कोलॅजेन (कातडी व हाडांना बळकटी देणारे प्रथिन) काढून तुम्ही हायड्रोजेल, म्हणजे पाणी धरून ठेवणारे जेल, तयार करता, परंतु ते चिमट्याने उचलताच फाटते. तर क्रॉसलिंकिंगसाठी, म्हणजे कोलॅजेनचे रेणू एकमेकांना जोडण्यासाठी, ग्लुटाराल्डिहाइड या रसायनाचे प्रमाण वाढवावे का? माझ्या मते वाढवू नये. या रसायनाने कोलॅजेन घट्ट होते हे खरे. पण जेलमध्ये मागे राहिलेला त्याचा अंश पेशींना मारक ठरतो. शिवाय जखमेवर लावायच्या जेलबाबत ते किती घट्ट आहे यापेक्षा ते किती दिवसांत विरघळते हे अधिक महत्त्वाचे असते.

त्याआधी आपल्या हाती कोलॅजेन आहे की जिलेटिन (म्हणजे पीळ सुटलेले कोलॅजेन), याची खात्री करून घ्या. कोलॅजेनचा रेणू म्हणजे एकमेकींभोवती पिळलेल्या तीन साखळ्या. लांबी सुमारे ३०० नॅनोमीटर आणि जाडी जेमतेम दीड. (ही तिपेडी रचना १९५४-५५ मध्ये जी. एन. रामचंद्रन आणि गोपीनाथ कर्था यांनी मद्रास येथे मांडली. आपल्या अभ्यासक्रमात तिचा उल्लेख फार ओझरता येतो.) सस्तन प्राण्यांच्या कोलॅजेनचा पीळ द्रावणात साधारण ४० अंश सेल्सिअसला सुटतो, तर रोहूच्या कोलॅजेनचा ३५ ते ३७ अंशांच्या दरम्यानच. मराठवाड्यात मे महिन्यात एसी बंद पडलेल्या प्रयोगशाळेत टेबलावरची बाटलीसुद्धा या तापमानाला सहज पोहोचते. म्हणून ॲसेटिक आम्लात भिजवणे, पेप्सिन या पाचक विकराची प्रक्रिया आणि सेंट्रिफ्यूज हे सारे ४ अंशांवरच झाले पाहिजे, आणि वीज गेली तर बर्फ हाताशी असला पाहिजे.

ओळखण्याची खूण सोपी आहे. थंड आम्लधर्मी द्रावण फॉस्फेट बफर आणि सोडियम हायड्रॉक्साइड घालून ७.४ पीएचवर आणा व २८ ते ३० अंशांवर ठेवा. खरे कोलॅजेन हळूहळू दुधाळ होत घट्ट बसते, कारण रेणू शेजारीशेजारी लागून प्रकाश विखुरणारे तंतू तयार होतात. जिलेटिन मात्र स्वच्छ पारदर्शक राहते. मटणाच्या पाया सूपप्रमाणे ते गार झाले की थिजते आणि गरम केले की पुन्हा पातळ होते. तुमचे जेल दुधाळ होतच नसेल, तर दोष क्रॉसलिंकिंगचा नसून कोलॅजेन काढण्याच्या पद्धतीचा आहे आणि कोणतेही रसायन तो भरून काढणार नाही.

जेल दुधाळ होऊनही मऊच राहत असेल, तर त्यात नवल नाही. एका मिलिलिटरमध्ये १ ते ४ मिलिग्रॅम कोलॅजेन असलेल्या जेलमध्ये ९९ टक्क्यांहून अधिक भाग पाण्याचाच असतो. आधी हे प्रमाण ८ ते १० मिलिग्रॅमपर्यंत वाढवून पाहा. त्यानंतर, लंडनच्या रॉबर्ट ब्राउन यांच्या गटाने २००५ मध्ये दाखवलेली दाबपद्धत वापरा: तयार जेल नायलॉनच्या जाळीवर ठेवायचे, खाली टिपकागदाचा थर द्यायचा आणि वरून बेताचे वजन ठेवायचे. काही मिनिटांत बहुतेक पाणी निघून जाते व चिमट्याने उचलता येईल असा पातळ, चिवट पापुद्रा हाती येतो. यात एकही नवे रसायन लागत नाही.

आता विरघळण्याविषयी. मधुमेही जखमेत एमएमपी-८ आणि एमएमपी-९ यांसारखी कोलॅजेन व त्याचे तुकडे पचवणारी विकरे गरजेपेक्षा जास्त असतात, त्यामुळे क्रॉसलिंकिंग न केलेले जेल तिथे लवकर नाहीसे होते. उलट, ते फार टिकाऊ केले तर नव्या पेशींना आत शिरायला वाट मिळत नाही आणि शरीर त्याला परकी वस्तू समजून भोवती तंतुमय आवरण रचते. म्हणून थोडे क्रॉसलिंकिंग हवेच. त्यासाठी ईडीसी आणि एनएचएस ही रसायनांची जोडी मला अधिक योग्य वाटते. ती ॲस्पार्टिक व ग्लुटामिक आम्लांचे कार्बॉक्सिल गट लायसिनच्या अमिनो गटांशी थेट जोडते, स्वतः मध्ये राहत नाही, आणि उरणारे युरियाजन्य संयुग पाण्याने धुतले जाते. पण इथेही हात आखडता ठेवावा लागतो. पेशी कोलॅजेनला ज्या जागी धरतात त्या जागेतील ग्लुटामिक आम्लही ईडीसी वापरून टाकते, आणि प्रमाण वाढत गेले की पेशी नीट चिकटत नाहीत. तेव्हा ईडीसीची मात्रा चढत्या क्रमाने ठेवून प्रत्येक नमुन्याचे मुक्त (न जोडले गेलेले) अमिनो गट मोजा आणि ३७ अंशांवर कोलॅजिनेज या कोलॅजेन पचवणाऱ्या विकरात त्याचे वजन किती वेगाने घटते, तेही नोंदवा. तुमच्या प्रबंधाचा खरा गाभा हा आलेख असेल.

जेल किती दिवस टिकावे हे मात्र रुग्णाकडे पाहून ठरवा. ऊसतोडीला जाणारा किंवा खेड्यातून एसटीने येणारा माणूस रोज ड्रेसिंग बदलायला येऊ शकत नाही, त्यामुळे तीन-चार दिवस टिकेल असे जेल हवे. त्याच्या गावच्या आरोग्य केंद्रातील फ्रिजवरही फार विसंबू नये. पापुद्रा फ्रीझ-ड्राय करून (गोठवून निर्वातात सुकवून) कोरडा साठवला आणि लावताना निर्जंतुक सलाइनमध्ये भिजवला, तर ही अडचण बरीच सुटते. निर्जंतुकीकरणासाठी ऑटोक्लेव्ह (दाबाखालील गरम वाफेचे यंत्र) मुळीच वापरू नका, कारण त्यात कोलॅजेनचे थेट जिलेटिन होते. कोरड्या पापुद्र्यासाठी इथिलीन ऑक्साइड वायू चालतो. मृत ऊती काढलेली नसेल, पायावरचा भार कमी केलेला नसेल किंवा रक्तपुरवठाच तुटलेला असेल, तर कोणतेही जेल जखम भरून काढणार नाही, हे प्रस्तावनेतच स्पष्ट लिहा.

पुढे उंदरांवर चाचणी करणार असाल तर प्राणी नीतिमत्ता समितीची परवानगी आधी घ्या, आणि जखमेभोवती सिलिकॉनची कडी शिवून घ्या. उंदराच्या कातडीखाली स्नायूचा पातळ थर असतो, त्यामुळे त्याची जखम मुख्यतः आकसून मिटते. माणसाच्या पायावरची जखम नव्या ऊतीने भरत वर येते. कडी नसेल तर जेल न लावलेली जखमही झपाट्याने लहान होताना दिसेल आणि दोन गटांतील फरक तुमच्या हाती लागणार नाही.