225 फुटांचा मोफत गाळा कारखान्याला परवडतो का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: धारावीत तळाला 300 आणि माळ्यावर 300 चौरस फूट, शिलाईच्या 12 मशीन, 14 कारागीर, आणि रात्री तेच कारागीर तिथेच झोपतात. पुनर्विकासात 225 फुटांचा गाळा मोफत आणि पाच वर्षं राज्याच्या जीएसटीचा परतावा. घ्यावं की भांडावं?

दुकान असतं तर घ्या म्हटलं असतं. कारखान्याचा हिशेब वेगळा आहे.

धारावीतच मोफत जागा मिळते ती 1 जानेवारी 2000 पूर्वीच्या तळमजल्याला. त्यातही व्यवसायाला 225 फुटांपर्यंत. त्याहून जास्त हवी ती जागा विकत. माळा यात धरलेलाच नाही. वरच्या मजल्यावर राहणाऱ्याला 15 नोव्हेंबर 2022 पर्यंतचा पुरावा असेल तर धारावीबाहेर भाडे-खरेदीचं (भाडं भरत पुढे विकत घेता येणारं) घर आहे, पण ती राहणाऱ्याची सोय झाली, मशीनची नाही. म्हणजे तुमचे 600 फूट कागदावर आधी 300 होतात आणि हातात 225 येतात.

आता त्या 225 मध्ये काय मावतं ते खडूने जमिनीवर आखून बघा. मशीनचं टेबल साधारण 4 फूट बाय 2 फूट, मागे कारागीर, बाजूला मालाची थप्पी, जायला वाट: एका मशीनला 25 फूट लागतातच. कटिंगचं टेबल आणि इस्त्री यांना 70 सोडा. उरले 155, म्हणजे सहा मशीन. धंदा निम्मा.

झोपायच्या जागेचा खर्च तर कोणी लिहीतच नाही. आज 14 जणांचं राहणं फुकट आहे, म्हणून ती मजुरी परवडते. बाहेर माणशी 2,500 रुपये खाटेचं भाडं धरलं (तुमच्याकडचा भाव घाला), तर महिन्याला 35,000. सीझनला रात्री अकरापर्यंत चालणारं काम शेवटच्या लोकलवर अडकतं ते वेगळंच. घर एका रकान्यात आणि उद्योग दुसऱ्या रकान्यात टाकले की ही रक्कम दोन्हीकडून गायब होते. धारावीच्या आराखड्यावर माझा मुख्य आक्षेप हाच आहे. राहणाऱ्याला 350 फुटांचं मोफत घर आणि धंद्याला 225 फुटांचा गाळा सुटे सुटे पाहिले तर वाईट नाहीत, पण इथे एकच जागा दिवसा कारखाना आणि रात्री वस्ती असते.

धारावीतल्याच कुंभारवाड्यात हे आणखी स्पष्ट दिसतं. मडकी वाळतात अंगणात, भाजतात सामाईक भट्टीत, आणि हे दोन्ही सहसा एका माणसाच्या नावावर नसतं. घर मिळेल, चाकाला जागाही मिळेल. ओली मडकी ठेवायची कुठे? सातव्या मजल्यावर भट्टी पेटत नाही.

इमारतीबद्दल तीन गोष्टी लेखी विचारा. पहिली, स्लॅब किती भाराचा आहे. राहत्या घराचा स्लॅब दर चौरस मीटरला साधारण 200 किलो धरून बांधतात. हलक्या मशीनच्या कारखान्याला भारतीय मानकात 500 किलो आहेत, मध्यम मशीनला 700. शिलाई मशीन हलकी, पण कापडाचे तागे रचले की 200 कधी ओलांडले ते कळत नाही. शेजारच्या प्लास्टिक मोल्डिंगवाल्याला तर तळमजला किंवा वेगळी औद्योगिक इमारतच हवी. दुसरी, वीजभार. 550 वॉटच्या 12 मोटरी म्हणजे 6.6 किलोवॉट, वर वाफेची इस्त्री. थ्री फेज मंजूर आहे का? तिसरी, मालाची स्वतंत्र लिफ्ट आणि टेम्पो लावायची जागा. माणसांच्या लिफ्टमधून गठ्ठे नेले की पहिल्या महिन्यात सोसायटीशी भांडण.

बिल्डर हे आपणहून देणार नाही, यात दुष्टावा शोधू नका. एफएसआय, म्हणजे जमिनीवर किती बांधता येईल ते प्रमाण, मोजतात क्षेत्रफळावर. जाड स्लॅब आणि जास्त उंची दिली तर खर्च वाढतो, विक्रीला एक फूटही जास्त मिळत नाही. त्यामुळे ही अट मंजुरीतच हवी, तोंडी आश्वासन कामाचं नाही. लिहिलेला नियमही पुढे पातळ होतो, मग तोंडीचं काय? मुंबईतल्या गिरण्यांच्या जमिनीचं आठवा: 1991 च्या नियमात पालिका, म्हाडा आणि मालक असे तीन वाटे होते. 2001 च्या दुरुस्तीत वाटणी फक्त मोकळ्या जमिनीपुरती उरली, आणि 2006 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती दुरुस्ती कायम ठेवली.

तरी नुसता विरोधही करू नका. आजची गल्ली आगीचा बंब आत न येणारी आहे, आणि माळ्यावर झोपलेल्यांना उतरायला एकच शिडी असते. मागणी नेमकी ठेवा: गाळेवाल्या उद्योगांची वेगळी इमारत, 12 ते 14 फूट उंची, 500 किलोचा स्लॅब, आणि त्याच आवारात कारागिरांसाठी भाड्याच्या खोल्या. मग 225 च्या वरची जागा विकत घेणंही परवडू शकतं.

कागद आजच जमवा: 2000 पूर्वीचं वीजबिल, गुमास्ता, मतदार यादीतला उतारा, जुनी बिलं. परिशिष्ट-2 च्या (कोण पात्र, कोण अपात्र ते सांगणाऱ्या) प्रारूप यादीत वापर ‘निवासी’ लागला असेल तर नोटिशीतल्या मुदतीत हरकत घ्या आणि पोच सांभाळा. नंतर तो शब्द बदलायला फार जड जातं. संक्रमण काळातला, म्हणजे नवी इमारत होईपर्यंतचा, गाळा कुठे, हेही विचारा. चेन, बकल, अस्तर आज नव्वद फुटी रस्त्यावर पायी मिळतात. मुलुंडला गेलात तर टेम्पोभाडं तुमच्या अंगावर.

आणि कारखाना भाड्याच्या जागेत असेल तर हे सगळं थांबवून आधी मालकाशी लेखी करार करा. पात्रता त्याची की तुमची, यावरच पहिला तंटा होतो.