वाचकांचे प्रश्न : पुण्यात पुढे कोणते नाटक येणार?

या महिन्यात आलेल्या पत्रांत पुण्याच्या रंगभूमीविषयीची पत्रे सर्वाधिक होती, म्हणून हे सदर या वेळी त्यांच्यासाठीच राखले आहे. बहुतेकांनी येत्या हंगामातील नाटकांची यादी मागितली आहे. ती येथे दिलेली नाही, कारण अंक छापून आपल्या हाती पडेपर्यंत तिच्यातील बऱ्याच तारखा पुढेमागे झालेल्या असतात, आणि चुकीच्या तारखेवर विसंबून कोथरूडला पोहोचलेल्या वाचकाचा रोष ओढवून घेण्याची आमची तयारी नाही. अशी यादी आपली आपल्याला कशी करता येईल, ते मात्र सांगितले आहे.

प्रश्न : नोकरीनिमित्त मी नागपूरहून पुण्यात आलो. पुण्यात नाटके पुष्कळ होतात असे लहानपणापासून ऐकत आलो आहे. पण वर्तमानपत्रातील जाहिराती पाहाव्यात तर तीच चार-पाच नाटके आलटून पालटून दिसतात. नवे काय येते आहे, हे कळावे कसे? — एक वाचक, वाकड

उत्तर : जाहिरातींच्या पानावर आपल्याला दिसतात ती व्यावसायिक रंगभूमीची नाटके होत. त्यांचे निर्माते बहुतांशी मुंबईचे असतात. नाटक मुंबई-ठाण्याकडे उभे राहते आणि शनिवार-रविवार साधून पुण्याला येते. बालगंधर्व रंगमंदिर, कोथरूडचे यशवंतराव चव्हाण नाट्यगृह आणि चिंचवडचे प्रा. रामकृष्ण मोरे प्रेक्षागृह ही त्यांची नेहमीची ठिकाणे. बालगंधर्वसारख्या नाट्यगृहाच्या जवळपास हजार खुर्च्या भरायच्या तर जाहिरात द्यावीच लागते, आणि प्रयोग बरा चालला तर तिचा खर्चही निघतो. आपण वाकडला राहता, तेव्हा चिंचवडचा प्रयोग आपल्याला सोयीचा पडेल. सांगवीच्या निळू फुले रंगमंदिराकडेही लक्ष असू द्यावे.

पुण्यातच जन्मणारे प्रायोगिक नाटक या पानावर सहसा आढळत नाही. शनिवार पेठेतील सुदर्शन रंगमंच, टिळक रस्त्यावर हिराबागेतील ज्योत्स्ना भोळे सभागृह व डॉ. श्रीराम लागू रंग-अवकाश, कर्वे रस्त्यालगतचे ‘द बॉक्स’ ही त्याची घरे आहेत. येथील प्रेक्षागारे छोटी असतात, आणि सगळी तिकिटे खपली तरी जमणाऱ्या रकमेत मोठ्या दैनिकातील जाहिरातीचा खर्च भागणे कठीण. त्यामुळे प्रयोगाची वार्ता व्हॉट्सॲपवरील गटांतून, सभागृहांच्या समाजमाध्यमांवरील पानांवरून आणि तोंडी फिरते. या तीन-चार सभागृहांची पाने आणि आसक्त, नाटक कंपनी यांसारख्या पुण्यातील संस्थांची पाने आपण नियमाने पाहू लागलात, तर पुढील महिन्यात काय होणार आहे याचा बराचसा अंदाज येईल. प्रायोगिक नाटकाचे प्रयोग मोजके असतात आणि दोन प्रयोगांमध्ये कित्येक आठवड्यांचे अंतर पडू शकते, म्हणून ‘पुढच्या वेळी पाहू’ असे येथे म्हणून चालत नाही.

प्रश्न : नव्या नाटकाची घोषणा होते, कलावंतांच्या मुलाखती येतात आणि मग महिनोन्महिने ते पुण्याकडे फिरकत नाही. याचे कारण काय? — एक ज्येष्ठ वाचक, सदाशिव पेठ

उत्तर : कारणे अनेक आहेत, पण मुख्य कारण तारखांचे. संहिता पक्की झाल्यावर ती रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडे जाते. मंडळाच्या प्रमाणपत्राशिवाय महाराष्ट्रात तिकीट लावून प्रयोग करता येत नाही. तोवर तालमी सुरू झालेल्या असतात. नेपथ्य तयार होते, संगीत ध्वनिमुद्रित होते, रंगीत तालीम होते आणि शुभारंभाचा प्रयोग बहुधा मुंबई-ठाण्याच्या परिसरात लागतो. पहिल्या प्रयोगांतून संहितेतील ढिलाई उघडी पडते. काही प्रवेश कापले जातात, काही पुन्हा बसवले जातात, आणि एवढे सगळे स्थिरावल्याशिवाय निर्माता नेपथ्याचा ट्रक व बस घेऊन दौऱ्यावर निघत नाही.

दौरा ठरला तरी नाट्यगृह मिळावे लागते. मोठ्या नाट्यगृहांच्या तारखांचे वाटप काही महिने आधी एकगठ्ठा होते. दुपार, सायंकाळ आणि रात्र अशी तीन सत्रे असली, तरी सगळ्यांना शनिवारची रात्र आणि रविवारची सायंकाळच हवी असते. त्या मोजक्या सत्रांसाठी नाटकवाल्यांबरोबर वाद्यवृंद, शाळांची संमेलने आणि संस्थांचे सत्कार समारंभही रांगेत असतात. शिवाय नाटकातील प्रमुख नट मालिकेत काम करत असेल, तर त्याच्या चित्रीकरणाची सुटी आणि नाट्यगृहाची तारीख जुळून येणे हे निर्मात्याच्या व्यवस्थापकाचे रोजचे दुखणे असते. एखाद्या नाटकाने घोषणेनंतर तीन-चार महिने पुण्याचे तोंड पाहिले नाही, तर ते बंद पडले असे समजू नये. वर्ष उलटूनही आले नाही, तर मात्र आशा सोडावी.

प्रश्न : महाविद्यालयीन एकांकिका स्पर्धा बाहेरच्या प्रेक्षकांना पाहता येतात का? आणि पाहण्यासारखे काही असते का, की नुसताच गोंगाट? — एक वाचक, कर्वेनगर

उत्तर : दोन्ही असते. महाराष्ट्रीय कलोपासक ही संस्था १९६३ पासून पुरुषोत्तम करंडक आंतरमहाविद्यालयीन एकांकिका स्पर्धा घेत आली आहे. ऑगस्टमध्ये भरत नाट्य मंदिरात प्राथमिक फेरी रंगते आणि तिच्यातून निवडलेल्या संघांची अंतिम फेरी सप्टेंबरच्या सुमारास होते. तिकीट काढून कोणीही जाऊ शकते. अंतिम फेरीचे तिकीट मिळवणे मात्र कठीण. पडदा उघडण्यापूर्वी ‘आव्वाज कुणाचा’च्या आरोळ्यांनी सभागृह दणाणून जाते, आणि एकांकिका सुरू होताच तेच विद्यार्थी चिडीचूप बसतात. कानांना त्रास होत असेल, तर तिसऱ्या घंटेच्या बेताने आत जावे.

ही स्पर्धा पाहाच, असे आम्ही आग्रहाने सांगतो, कारण पुण्याच्या रंगभूमीवर दोन-चार वर्षांनी काय येणार आहे याचा सर्वांत आधीचा अंदाज जाहिरातीत मिळत नाही, तो येथे मिळतो. आज ज्याची एकांकिका लक्षात राहिली, तो लेखक किंवा ती दिग्दर्शिका पुढे दोन अंकी नाटक घेऊन सुदर्शन किंवा ज्योत्स्ना भोळे सभागृहात उभी राहते, हा क्रम पुण्यात अनेकदा दिसलेला आहे. अशी नावे वहीत टिपून ठेवणारे प्रेक्षक आम्ही पाहिले आहेत, आणि नव्या नाटकांची बातमी त्यांना इतरांच्या आधी असते. २०२२ च्या अंतिम फेरीत परीक्षकांनी एकही एकांकिका करंडकाच्या तोडीची नाही असे ठरवून तो कोणालाच दिला नाही, तेव्हा शहरात बराच वाद झाला. परीक्षकांचा निर्णय योग्य की अयोग्य यावर मतभेद असोत. एका महाविद्यालयीन स्पर्धेच्या निकालावर गावभर वाद घातला जातो, यावरून तिचे स्थान ध्यानात यावे.

हौशी संस्थांच्या बळाविषयी ज्यांना शंका असेल त्यांच्यासाठी एक जुने उदाहरण देतो. विजय तेंडुलकरांचे ‘घाशीराम कोतवाल’ १६ डिसेंबर १९७२ रोजी याच भरत नाट्य मंदिरात प्रथम झाले. ते करणारी प्रोग्रेसिव्ह ड्रॅमॅटिक असोसिएशन ही हौशी संस्था होती, आणि त्यातील दिग्दर्शक जब्बार पटेल व नाना फडणवीस साकारणारे मोहन आगाशे हे दोघेही बी. जे. वैद्यकीय महाविद्यालयात शिकलेले. संस्थेने प्रयोग थांबवल्यावर ही मंडळी बाहेर पडली, १९७३ मध्ये त्यांनी थिएटर ॲकॅडमी स्थापन केली, आणि पुढे १९८० मध्ये हे नाटक युरोपच्या दौऱ्यावर गेले. सतीश आळेकरांचे ‘महानिर्वाण’ १९७४ मध्ये याच थिएटर ॲकॅडमीने रंगभूमीवर आणले.

विद्यार्थ्यांच्या पलीकडे हौशी नाटक पाहायचे असेल, तर सांस्कृतिक कार्य संचालनालयाच्या राज्य नाट्य स्पर्धेची पुणे केंद्रावरील प्राथमिक फेरी हिवाळ्यात असते. तिकीट नाममात्र असते आणि रोज एक पूर्ण लांबीचे नाटक पाहायला मिळते. सगळीच चांगली नसतात, हे आधीच सांगून ठेवतो; पण पंधरवड्यात दोन नाटके जरी मनात राहिली, तरी तेवढ्या पैशांत तक्रारीला जागा नाही.

प्रश्न : माझी मुलगी आठ वर्षांची आहे. तिला दाखवण्याजोगे नाटक पुण्यात कधी मिळेल? — एक वाचक, हडपसर

उत्तर : बालनाट्ये प्रामुख्याने दिवाळीच्या आणि मे महिन्याच्या सुटीत लागतात. राक्षस-परीच्या पलीकडचे काही हवे असेल, तर ग्रिप्स पद्धतीचे नाटक शोधावे. बर्लिनहून आलेली ही चळवळ १९८६ मध्ये ‘छान छोटे वाईट मोठे’ या नाटकाने पुण्यात रुजली. तिच्यात मुलांच्या भूमिका मोठी माणसे करतात आणि विषय मुलांच्या रोजच्या आयुष्यातले असतात, म्हणजे घरातील भांडणे, शाळा, खेळायला नसलेली जागा. आठ हे वय त्यासाठी अगदी योग्य आहे.

प्रश्न : वडिलांनी ऐंशी ओलांडली आहे. त्यांना एकदा संगीत नाटक प्रत्यक्ष पाहायचे आहे. आता ती होतात तरी का? — एक वाचक, सातारा

उत्तर : होतात, परंतु रोज नव्हे. अण्णासाहेब किर्लोस्करांचे ‘संगीत शाकुंतल’ ३१ ऑक्टोबर १८८० रोजी ज्या शहरात प्रथम झाले, त्या शहरात संगीत नाटकाचे वेड अजून पुरते ओसरलेले नाही. जयराम आणि जयमाला शिलेदार यांच्या ‘मराठी रंगभूमी’ या संस्थेने ते अनेक दशके जागते ठेवले. त्यांच्या कन्या कीर्ती शिलेदार २०२२ मध्ये गेल्या, तेव्हा या परंपरेतील एक मोठा आवाज थांबला. भरत नाट्य संशोधन मंदिर ही संस्था मात्र जुनी संगीत नाटके नव्या गायक-नटांना घेऊन करत असते, म्हणून तिच्या सदाशिव पेठेतील कार्यालयात चौकशी करणे हा सर्वांत सरळ मार्ग आहे. २६ जूनच्या आसपासचे दिवसही पाहावेत. तो बालगंधर्वांचा जन्मदिवस आणि १९६८ मध्ये बालगंधर्व रंगमंदिराचे उद्घाटन झाले तोही दिवस, त्यामुळे त्या सुमारास नाट्यसंगीताचे कार्यक्रम लागतात. पूर्ण नाटक आहे की निवडक प्रवेश आणि पदे, हे तिकीट काढण्यापूर्वी विचारून घ्यावे, कारण जाहिरातीतून ते नेहमी स्पष्ट होत नाही. वडिलांसाठी खालच्या मजल्यावरची आणि कडेची खुर्ची घ्यावी. बाल्कनीचे जिने या वयात नकोत.

प्रश्न : चांगल्या नाटकाचे तिकीट हल्ली नेमके पाचशेच रुपये का असते? — एक वाचक, सिंहगड रस्ता

उत्तर : २०१८ च्या जानेवारीत वस्तू व सेवा कराच्या माफीची मर्यादा प्रतिव्यक्ती २५० वरून ५०० रुपये झाली. त्याहून महाग तिकिटावर कर लागतो, म्हणून पुढच्या रांगांचा दर त्या आकड्यापाशी थबकतो. मागच्या रांगा व बाल्कनी याहून बऱ्याच स्वस्त असतात, आणि मध्यम आकाराच्या नाट्यगृहात तेथून काही बिघडत नाही.

प्रश्न : शहरातील एका मोठ्या नाट्यगृहात मध्यंतरात स्वच्छतागृहात पाय ठेवता येत नव्हता आणि वातानुकूलन दुसऱ्या अंकात बंद पडले. तक्रार कोणाकडे करावी? नाट्यसंस्था म्हणते, आमचा संबंध नाही. — एक वाचक, पौड रस्ता

उत्तर : नाट्यसंस्था सत्राचे भाडे भरून प्रयोग करते, इमारतीची देखभाल तिच्या हाती नसते, तेव्हा तिचे म्हणणे खरे आहे. महापालिकेच्या नाट्यगृहात व्यवस्थापक नेमलेला असतो. त्याच्याकडे नोंदवही मागावी, तिच्यात तारीख, सत्र आणि खुर्चीचा क्रमांक घालून तक्रार लिहावी, पानाचे छायाचित्र काढून ठेवावे आणि तीच तक्रार महापालिकेच्या तक्रार निवारण प्रणालीवरही नोंदवावी. बालगंधर्व रंगमंदिराच्या पुनर्विकासाचा विषय गेली काही वर्षे गाजतो आहे आणि त्यावर कलावंतांतही एकमत नाही. पण नवी इमारत होवो न होवो, आज असलेल्या इमारतीतील नळ आणि पंखे चालू राहिले पाहिजेत, एवढी मागणी तिकीट काढणाऱ्या प्रत्येकाने लेखी करावी. वर्तमानपत्रांत ‘वाचकांचा पत्रव्यवहार’ असतो, त्याचाही उपयोग होतो. मात्र पत्र तीनशे शब्दांच्या आत ठेवावे, नाहीतर त्यातील नेमकी तक्रारच संपादकाच्या कात्रीत सापडते.