घोडी रस्त्यावर काढण्याआधी

चि. पोरी,

अनेक आशीर्वाद. घोडी आता लगामाला सरावली, पुढच्या आठवड्यापासून मैदानाबाहेर काढणार, असं फोनवर म्हणालीस. तुझी बैठक चांगली आहे, त्याबद्दल काही लिहीत नाही. लिहायचंय ते रस्त्यावरच्या बाकीच्या माणसांबद्दल.

घोडीवर बसलं की लोक आपोआप बाजूला होतात. नवख्या स्वाराला तो आपला मान वाटतो. खरं तर बहुतेक जण घाबरलेले असतात. आपल्या साताऱ्यात चार भिंतीच्या स्मारकाकडे किंवा अजिंक्यतारा किल्ल्यावर सकाळी फिरायला येणारी वयस्क माणसं टापांचा आवाज ऐकून गटाराच्या कडेला जाऊन उभी राहतात. तशी वाट मिळवण्यात स्वारी कसली? लांबूनच घोडी कदमावर, म्हणजे सावकाश चालीवर, आण आणि तोंडाने बोल. "काका, डावीकडून पुढं जाते हं," एवढं पुरतं. किल्ल्याच्या दरवाजापाशी सरळ उतर आणि मोहरकी, म्हणजे तोंडावरची दोरी, धरून चाल.

बोलण्याचा दुसरा फायदा घोडीला आहे. डोक्यावर गवताचा भारा घेतलेली बाई किंवा छत्री उघडलेला माणूस घोडीला माणूस वाटतच नाही. काहीतरी भलतंच चालून येतंय असं वाटून ती बुजते. अशा वेळी थांब आणि हाक मार, "मावशी, कुठपर्यंत निघालात?" मावशी उत्तर देतील, आवाज ऐकला की घोडीचे कान पुढं येतील, मान खाली जाईल. मावशींनाही बरं वाटतं. मी तर म्हणेन, मुकाट जाणाऱ्या स्वाराने घोडं घरीच बांधून ठेवावं.

एवढं करूनही बुजलीच, तर तिचं तोंड त्या वस्तूकडे कर. मागचं अंग रस्त्यावर फिरू देऊ नकोस, लाथेच्या टप्प्यात कुणाची तरी मोटारसायकल असते.

लोक हात लावायला येणार, हेही धरून चाल. आपल्याकडे घोडा म्हणजे नुसतं जनावर नाही. आषाढी वारीत फलटण तालुक्यात चांदोबाच्या लिंबाला माउलींच्या सोहळ्यातलं पहिलं उभं रिंगण होतं. अश्व धावून गेला की त्याच्या टापांखालची माती लोक कपाळाला लावतात. ती भावना मनात असलेली माणसं तुझ्या घोडीलाही नमस्कार करतील आणि नेमकी मागून येतील. घोड्याचे डोळे डोक्याच्या बाजूंना असतात. त्याला जवळजवळ चहूकडचं दिसतं, पण कपाळासमोरचं अगदी जवळचं आणि शेपटीमागचं दिसत नाही. म्हणून कुणावर खेकसू नकोस. घोडी वळवून खांदा त्यांच्याकडे कर, "इथं हात लावा" म्हण. लहान मूल असेल तर खाली उतर. लाथ मारणाऱ्या घोड्याच्या शेपटीला लाल फीत बांधायची पद्धत काही देशांत आहे, पण गोडोलीत ती फीत कोण ओळखणार?

लिदेचं बोलायला लोक लाजतात, मी लाजत नाही. गल्लीत पडली तर घमेलं आणि झाडू घेऊन परत जायचं, त्याच दिवशी. पायवाटेवर पडली तर उतरून कडेला सारायची. लिदेत धनुर्वाताचे जंतू असू शकतात आणि श्रावणी सोमवारी यवतेश्वराला अनवाणी जाणारे भाविक असतात. त्या दिवशी घाटात जाऊच नकोस. एरवीही तिथं पहाटे धावण्याचा सराव करणारे असतात, त्यांच्या मागून दुडकी मारत जायचं नाही.

कासच्या फुलांच्या पठाराचा मोह होईल. तिथल्या सड्यावर, म्हणजे उघड्या कातळावर, घोडी घालायची नाही, फुलं असोत वा नसोत. जांभ्या दगडावर मातीचा थर मुळात पातळ, खुराने तो उखडतो. शिवाय लिदेतून बाहेरच्या गवताचं बी तिथं रुजतं. २०१२ साली पश्चिम घाटाबरोबर कासही जागतिक वारशात गेलं. नसतं गेलं तरी मी हेच सांगितलं असतं.

तुझ्यासाठी पाणंदी चांगल्या. पण पाऊस पडून गेल्यावर एक-दोन दिवस थांब. ओल्या वाटेवर उमटलेले खूर वाळून कडक होतात आणि बैलगाडीवाल्याला महिनाभर धक्के बसतात. बांधावरून जायचं तर आधी मालकाला विचार, तेही पीक नसताना. उसाच्या हंगामात दोन ट्रॉल्यांचा ट्रॅक्टर गाणी लावून समोर आला तर रुंद जागा बघून आधीच कडेला हो, त्याला थांबवणं सोपं नसतं. मेंढरांचा कळप आला तर उभी राहा, कळप पूर्ण जाऊ दे. धनगरांची स्वतःची घोडी ओझं वाहत बरोबर असतात. त्यांना जनावराचं तुझ्या-माझ्यापेक्षा जास्त कळतं, दोन शब्द बोललीस तर शिकायलाच मिळेल. कुत्र्याला मात्र चाबूक दाखवू नकोस.

गावातल्या गुरांच्या हौदात घोडीला तोंड घालू द्यायचं नाही. ग्लँडर्ससारखे रोग सामाईक पाण्यातून घोड्याघोड्यांत पसरतात, तो तर माणसालाही होतो. खोगिराला घडीची बादली बांध, पाणी मागून घे.

आणि डांबरी उतारावर, विशेषतः पांढऱ्या पट्ट्यांवर, नाल घसरते. नालबंदाला या आठवड्यातच बोलावून घे, मग पहिल्या फेरीला मीही बरोबर पायी येईन.

तुझा,
काका